मोरीपर्यंत चालणारी गाडी

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर रस्त्यावरच्या मोरीच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, कठड्यावर बसून उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. समोर ती लाल बुटकी गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती, बंद पडलेली. तिच्या पेट्रोल पंपावर गिरजाच्या जुन्या लुगड्याची ओली चिंधी गुंडाळलेली. गिरजा शेंग फोडायची, दोन दाणे मला द्यायची, एक आपण खायची, आणि टरफलं पदरात ठेवायची. मी म्हटलं, "फेक ना खाली, मोरीच तर हाय." तर म्हणाली, "रस्ता का आपला उकिरडा हाय?" ऊन उतरलं. गाडीनं पुन्हा दम धरला, चालू झाली. घरी आलो तर फाटकातच परत बंद पडली, अर्धी आत, अर्धी बाहेर. "राहू द्या आता," गिरजा म्हणाली, "सकाळी पाहा." आणि हातपाय धुवायला न्हाणीकडं गेली.

न्हाणीच्या पायरीवर बसली ती उठली नाही. दिवा लावायचा अजून होता. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टरनं सांगितलं. हे एकदाच लिहून टाकतो. लोक भेटले की पुन्हा पुन्हा तेच विचारतात, आणि प्रत्येक वेळी मला ती पायरी चढावी लागते.

यंदा पुन्हा वेचणी आली. सकाळी दार उघडलं की समोरच्या बाभळीवर कापूस. रात्रीतून कोणी झाडाला चुना लावला असं वाटतं, पण ते गाड्यांचं काम. कापसाचा भरलेला टेम्पो गेला, बैलगाडी गेली, की काट्यांना पुंजके अडकून राहतात. बेला गावाच्या रोडनं दोन्ही बाजूंनी पांढरंच पांढरं. बाया कमरेला ओटी बांधून तासातासानं पुढं सरकतात, आणि बोलण्याचा आवाज शेतातून असा येतो, जसा दुरून भट्टी चालू असल्याचा यावा. हवेत कापसाची तूस उडते. नाकात जाते, चहात पडते, ग्रीसला चिकटते. गिरजा असती तर म्हणाली असती, पान्याले मिशा आल्या पाहा तुमच्या.

मी चौथी शिकलेला माणूस. आधी जिनिंगमध्ये तेलाच्या इंजिनावर होतो, मग घरासमोर टिनाचं छप्पर टाकून गाड्या पाहायला लागलो. आता नव्या गाड्या आल्या, त्यांना कॉम्प्युटर लावतात, तो सांगतो काय दुखतं ते. माझ्याकडं जुन्याच येतात, ज्यांना बोलता येत नाही. त्यांचं कानानं ऐकावं लागतं, नाकानं वास घ्यावा लागतो. माझा कान चांगला होता. नाक गिरजाचं चांगलं होतं. भाकरी टाकता टाकता आतून ओरडायची, "अजी, पेट्रोल गळून राह्यलं कुठं तरी!" आणि गळत असायचं.

आमची एक रीत होती, चाळीस-बेचाळीस वर्षांची. गाडीचा दोष सापडला की मी जिथं असेन तिथून, गाडीखालून, खड्ड्यातून, आत आवाज द्यायचो, "सापडलं वं!" आणि ती चहा ठेवायची. दुरुस्ती व्हायची अजून बाकी असायची, पण चहा दोष सापडल्याचा. दुरुस्त झाल्याचा नव्हे. ती म्हणायची, "दुरुस्त तर कोनी बी करते."

ती लाल गाडी दसऱ्यानंतर आली, टेम्पोवर लादून. आदिलाबादच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरची. त्यांचं घराणं फार पूर्वी इकडं आलेलं, शुद्ध मराठी बोलणारं. गाडी त्यांच्या वडिलांची. दोनच माणसांची, कापडी टपाची, परदेशी, जमिनीला पोट घासेल इतकी खाली. दोन कार्बोरेटर. मी असं इंजिन पाहिलं होतं, पण फक्त चित्रात.

"मिस्त्री," डॉक्टर म्हणाले, "शहरात कोणी कार्बोरेटर उघडायलाच तयार नाही. ही चालली पाहिजे. नुसती पुसून ठेवायला मला नको."

शेजारचा दादाराव येऊन उभा राहिला, मागं हात बांधून. चारी बाजूंनी फिरला. "हे बसाची हाय का पायात घालाची?" म्हणाला.

गिरजानं दारातूनच पाहिलं आणि हसली. पदर तोंडाला लावून हसली, पण मला दिसलं.

पेट्रोलचा रस्ता सरळ असतो. टाकीतून पाइप, पाइपातून गाळणी, मग पंप, मग कार्बोरेटर, आणि त्यातून जेटच्या केसाएवढ्या भोकातून इंजिनात. गाडीला पेट्रोल पोचत नसलं की हा रस्ता पायी चालावा लागतो, मागून पुढं. मी टाकी उतरवली. आत गंजाचा चिखल. मूठ मूठ खडी टाकून टाकी हलवली, धुतली, पुन्हा हलवली. टाकीतून निघालेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत भरून गिरजानं ती खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी बाटलीत खाली पाणी, त्यावर लाल माती, वर पिवळं पेट्रोल. "नदीवानी दिसते," ती म्हणाली. जेट काढून मी सूर्याकडं धरले. भोक दिसलं की जेट साफ. दिसत नसलं की सायकलच्या पंपानं हवा मारायची. ती शेजारी बसून एकेक जेट ताटलीत मांडायची, डावीकडचे डावीकडं, उजवीकडचे उजवीकडं. तिनं कधी चुकवले नाहीत. मी चुकवायचो.

मग कार्बोरेटर बसवून मी कान लावायचो आणि ती आत बसून एक्सिलेटर द्यायची.

"दे."

द्यायची.

"सोड."

सोडायची.

"पुन्हा दे. हळू. भाकरी थापून राह्यली का?"

"भाकरी थापता आली असती तुमाले, तर समजलं असतं."

गाडी चालू झाली. आवाज असा, की दादारावच्या म्हशी दावं ताणून उभ्या राहिल्या. मी गिरजाला म्हटलं, बस, पैनगंगेपर्यंत जाऊन येऊ. ती नको नको म्हणत बसली. टप खाली केलेला. पदर उडाला, तिनं दातात धरला. रस्ता कमरेच्या उंचीवरून नव्हे तर ढोपराच्या उंचीवरून दिसत होता, कापसाची झाडं डोक्यापेक्षा उंच. "अजी," ती ओरडली, "हे तं जमिनीवरून घसरून राह्यली!" नदीच्या पुलापर्यंत गेलो, परत आलो. एकदाही खोकली नाही गाडी.

दुसऱ्या दिवशी आमच्या दोन एकरात पहिली वेचणी होती. आमच्याकडं पहिल्या वेचणीला शेतात दहीभात ठेवतात, पूजा करतात, आणि पहिलं बोंड घरी आणतात. त्याला कुंकू लावून घरातल्या प्रत्येक वस्तूला त्याचा पुंजका देतात. देवाला, जात्याला, कणगीला, चुलीला. गिरजा माझ्या पान्याच्या डब्यालाही द्यायची. त्या दिवशी तिनं गाडीच्या काचेच्या वायपरखाली पुंजका खोचला आणि बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं.

मी भडकलो. "अवं, डॉक्टरची गाडी हाय थे! रंग खराब होते कुंकवानं."

"पाहुनी हाय आपल्या घरी. पाहुनीची ओटी नाई भरत का?"

"ओटी भराची तं लुगडं बी नेसव तिले." मी पुंजका ओढून फेकून दिला, कुंकू पुसून काढलं.

ती ताट घेऊन गाडीच्या मागं गेली, तिकडंच पुटपुटत राहिली. मी पाहिलं नाही. मला पाहायची गरज वाटली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी बंद पडली. घरापासून मोरीपर्यंत नीट गेली आणि मोरीवर दोन उचक्या देऊन बंद. मी बॉनेट उघडलं. पंपाचा पाइप सोडला, जोडला, तर पेट्रोल यायला लागलं. म्हटलं, पंप तापला, पाइपात वाफ धरली. जुन्या गाड्यांत असं होतं, तापली की पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ओढत बसतो. पाण्याच्या कॅनमधून गिरजाच्या चिंधीवर पाणी ओतलं, पंपाला गुंडाळलं. बसून राहिलो. अर्ध्या तासानं चालू झाली. माझं निदान पक्कं.

तेव्हा ती म्हणाली, "टाकीचं झाकन उघडून पाहा ना."

"तू शेंगा पाह्य."

एवढंच. पुन्हा तिनं झाकणाचं नाव काढलं नाही. एकदा सांगितलं, मी झिडकारलं, विषय संपला.

तिला झाकणाचं कसं माहीत होतं, ते सांगितलं पाहिजे. आमच्या लग्नाच्या सातव्या-आठव्या वर्षीची गोष्ट. मी आदिलाबादला सामान आणायला गेलो होतो. तलमडुगुकडचा एक मास्तर मोटरसायकल ढकलत दारात आला, दर दोन मैलांवर बंद पडते म्हणून. गिरजानं टाकीचं झाकण फिरवलं, तर आतून फुस्स असा आवाज आला. टाकीतून पेट्रोल जितकं जातं, तितकी हवा आत यावी लागते. हवेची वाट बंद झाली की टाकी पेट्रोल धरून बसते, सोडत नाही. झाकणाला त्यासाठी बारीक भोक असतं. तिनं केसातला आकडा काढला, भोकातली माती कोरली, आणि मास्तर गेला. मी आलो तर चहा तयार. "सापडलं वं, म्या म्हटलं सोताशी," ती म्हणाली. मी हसलो होतो. शाबासकी दिली का, आठवत नाही. दिली नसावी.

या लाल गाडीच्या झाकणाला भोक नव्हतं. हवेची वाट वेगळी होती, टाकीपासून एक बारीक नळी मागं बंपरखाली निघालेली. टाकी उतरवली तेव्हा मी तिच्यात फुंकर मारून पाहिली होती. मोकळी होती. एकदा पाहिलं म्हणजे पाहिलं, हा माझा ताठा. आणि दुसरी गोष्ट, जी लिहायला मला जड जातं. झाकण उघडून बघायला मला एक मिनिट लागलं असतं. ते सुचलं पण होतं. ती म्हणाली म्हणून मी उघडलं नाही.

काल चालत होती, आज चालत नाही, तर मधे काय झालं? हा गाडीच्या कामातला पहिला प्रश्न. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तो विचारला असेल. स्वतःला विचारला नाही.

अकरा दिवस असं चाललं. टाकी आधीच भरून ठेवलेली, त्यामुळं पेट्रोल टाकायलाही झाकण उघडायची वेळ आली नाही. दुपारचं जेवण झालं की गिरजा शेंगा नाहीतर फुटाणे बांधून घ्यायची, पाण्याची कॅन घ्यायची, आणि पाहुण्यासारखी गाडीत जाऊन बसायची. मी काही तरी नवीन करून ठेवलेलं असायचं. एके दिवशी पंप उघडून आतला रबरी पडदा बदलला. एके दिवशी पाइप इंजिनापासून दूर नेऊन बांधला. एके दिवशी कार्बोरेटरातल्या फ्लोटची उंची बदलली. गाडी मोरीपर्यंत जायची, कधी थोडी पुढं बोरीच्या झाडापर्यंत, आणि दोन उचक्या देऊन बंद. मी शिव्या द्यायचो. ती कठड्यावर सावली बघून फडकं अंथरायची.

आमचं आयुष्य एका छपराखाली गेलं, पण बसून बोलणं असं कमीच झालं. मी गाडीखाली, ती चुलीपुढं. बोलायचं ते ओरडून. पाना दे, पोरगी कुठं गेली, जेवायला या. मोरीवर मात्र दुसरं काही करायचंच नव्हतं. अर्धा तास गाडी थंड व्हायची वाट पाहायची. मला कळलं, की तिला पाखरांची नावं माहीत आहेत. मला कळलं, की लहानपणी ती बाजारहत्नूरला मावशीकडं राहायची आणि तिथल्या ओढ्यात एकदा बुडता बुडता वाचली होती. बेचाळीस वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. "सांगितलं काऊन नाई?" म्हटलं. "तुमचा कान बोनटात होता," ती म्हणाली.

रस्त्यानं जाणारे थांबायचे. "मिस्त्री, बंद पडली का?"

गिरजाच उत्तर द्यायची. "पडली कुठं? बसली हाय. आमच्यावानी."

दादाराव एकदा मोटरसायकलवरून जाताना ओरडला, "वहिनी, मिस्त्रीले जमत नसन तं बैल लावू का?"

"बैलाले बी मोरीवर बसवसान तुमी!" तिनं परत ओरडून सांगितलं. कोणाला म्हणाली, मला का दादारावला, ते मी विचारलं नाही.

सातव्या की आठव्या दिवशी तिनं विचारलं, "गाडी दुरुस्त झाली का डॉक्टर नेईन?"

"मंग? आपल्या बापाची हाय का?"

ती शेंगा फोडत राहिली. समोर शेतात बाया वेचत होत्या, एक उभी राहून कंबर सरळ करत होती. मग म्हणाली, "मंग सावकाश करा. घाई काय हाय तुमाले?"

हे वाक्य मी घरात, गाडीखाली, बाजारात, कुठंही ऐकतो. मला वाटलं होतं, ती माझी समजूत काढते. दोष सापडत नाही म्हणून मी चिडलेला, आणि ती बायकोपणानं सांभाळून घेते. मी म्हटलं, "घाई नाई, पन मिजास तं हाय ना मिस्त्रीची. एक गाडी जिंकून राह्यली मले."

"जिंकू द्या," ती म्हणाली. "पाहुनी हाय."

आता मी संध्याकाळी चालत मोरीपर्यंत जातो. गुडघे दुखतात, म्हणून काठी घेतो. कठड्यावर आमची जागा आहे, सिमेंट उडालेलं आहे तिथं. मी शेंगा नेत नाही. दाणे काढून द्यायला कोणी नसलं तर शेंगा हे फार कटकटीचं खाणं आहे. रस्त्यानं कापसाचे टेम्पो जातात. कधी रविवारी डॉक्टरची लाल गाडीही जाते, पुलाकडं. मोरीवर आली की मी कान देतो. उचकी देत नाही. सरळ निघून जाते. डॉक्टर हात करतात. एकदा थांबून त्यांनी विचारलं होतं, मिस्त्री, शेवटी दोष काय निघाला? मी म्हटलं, "हवा." ते म्हणाले, फक्त हवा? मी म्हटलं, हो. जास्त मी कोणाला सांगितलं नाही. मुलीला पण नाही. इथं लिहितो.

गिरजा गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी अंगणात माणसं जमली होती. मुलगी सुमन सासरहून आलेली, आत बायांच्या मधे. बाहेर बांबू आले होते, दादाराव आणि दोघं जण तिरडी बांधत होते. आणि फाटकात ती गाडी, अर्धी आत, अर्धी बाहेर, कालपासून जशी होती तशी. तिरडी निघायला वाट नव्हती.

"चार जन लावून ढकलू," दादाराव म्हणाला. "तू बस."

मी बसलो. मयताच्या घरचा माणूस जमिनीवरच बसतो. गाडीच्या मागच्या चाकाला पाठ टेकली. मिस्त्री माणूस गाडीच्या पुढं वाकतो, खाली निजतो. मागच्या बंपरपाशी जमिनीवर बसायचं त्याला काही काम नसतं. ऊन नुकतं आलं होतं, आडवं. मान वळवली तर बंपरखाली त्या बारीक नळीच्या तोंडात पांढरं काही दिसलं. बोट लावलं. कापूस. नीट दाबून, गोल करून बसवलेला, पडू नये म्हणून. वाटलं, वाऱ्यानं उडून बसला असेल, वेचणीत सगळीकडंच कापूस. चिमटीत धरून ओढला. आतल्या टोकाला कुंकू होतं.

कापूस निघाला तेव्हा आवाज झाला नाही. रात्रभरात हवा थोडी थोडी आत झिरपली असणार. तो फुस्स आवाज मला ऐकायचा होता.

मी उठलो. दादाराव म्हणाला, "कुठं जाऊन राह्यला?" मी गाडीत बसलो, किल्ली फिरवली. लागली. फाटकातून बाहेर काढली, रस्त्याच्या कडेला उभी केली, आणि तिथंच एक्सिलेटर दिला. दिला, सोडला, पुन्हा दिला. टाकीपासून जेटपर्यंत पेट्रोल असं वाहत होतं, की मला ते अंगात कळत होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. इंजिनाच्या वरून, नेहमीसारखं, स्वयंपाकघराच्या दिशेनं.

"सापडलं वं!"

तिरडी बांधणारे हात थांबले. आतल्या बाया रडायच्या थांबल्या. सुमन दारात आली, माझ्याकडं पाहत उभी राहिली. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही.

मी इंजिन बंद केलं आणि आत गेलो. बायांनी जागा दिली. तिनं तो कापूस पाहुणीची ओटी म्हणून ठेवला होता, का मोरीवर बसायला मिळावं म्हणून, ते तिचं तिलाच माहीत. मी तिच्या मुठीत तो पुंजका ठेवला, बोटं मिटवली, आणि कानाशी वाकून जे काल म्हणायला पाहिजे होतं ते म्हटलं, "झाकन उघडाले पायजे होतं. तुयंच खरं होतं."

मग बाहेर आलो. फाटक मोकळं झालं होतं.